शाखा कोण निवडतं?

अमेरिकेत पदवी असणं वेगळं आणि कशातली पदवी हे वेगळं. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या 2011 च्या पाहणीत पेट्रोलियम इंजिनीअरिंग शिकलेल्या कामगारांची मध्यम कमाई वर्षाला 1,20,000 डॉलर निघाली, समुपदेशन मानसशास्त्र शिकलेल्यांची 29,000. पहिल्या शाखेत बहुतेक गोरे पुरुष, दुसरीत बहुतेक बायका. त्याच विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालात कृष्णवर्णीयांचा वाटा सोशल वर्कमध्ये 19 टक्के होता, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगमध्ये 5.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘ज्याची त्याची आवड’. मला ते मुळीच पटत नाही. 1984 च्या सुमारास अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत 37 टक्के मुली होत्या. पुढच्या पंचवीस-एक वर्षांत त्या 18 टक्क्यांवर आल्या. एवढ्यात मुलींची बुद्धी आटली का? मधल्या काळात घरगुती कॉम्प्युटर मुलग्यांची वस्तू म्हणून विकले गेले, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात घरी प्रोग्रामिंग केलेल्यांचीच सरशी होऊ लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने प्रवेशात त्या पूर्वानुभवाला महत्त्व देणं थांबवलं, नवख्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली. 1995 मध्ये तिथल्या नव्या तुकडीत 7 टक्के मुली होत्या. 2000 मध्ये 42 टक्के झाल्या. मुली त्याच देशातल्या, त्याच शाळांतल्या.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीतही तेच दिसतं. न्यू ऑर्लिन्सचं झेवियर विद्यापीठ लहानसं, पण तिथून पुढे जाऊन डॉक्टर झालेल्या कृष्णवर्णीयांची संख्या देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. उन्हाळी पूर्वतयारी आणि रसायनशास्त्राची काटेकोर शिकवणी यांवर तिथल्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली.

आता आपल्याबद्दल. अमेरिकेतल्या इंजिनीअरिंग-कॉम्प्युटरमध्ये भारतीय ठळक दिसतात आणि पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यांत त्याचं श्रेय संस्कारांना दिलं जातं. मुलांचे कष्ट खरे आहेत, ते मी नाकारत नाही. पण तिथे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-1बी व्हिसांपैकी सुमारे 70 टक्के भारतीयांना मिळतात, आणि तो व्हिसा पदवी व कौशल्य पाहूनच दिला जातो. म्हणजे आपली माणसं तिथे पोचतात तीच चाळणीतून. याउलट तिथल्या अनेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या शाळांत कॅल्क्युलस शिकवलाच जात नाही. निवडून आणलेल्या इंजिनीअरच्या घरात वाढलेल्या मुलाशी तिथल्या मुलीची तुलना करून ‘त्यांना गणिताची आवडच नसते’ असं म्हणणं हा तिच्यावर उघड अन्याय आहे, आणि तो आपल्या घरांत सर्रास होतो.