मनगट मोडलं? मग हाडंही तपासून घ्या

माझी मावशी मोरीत घसरली. हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर झालं. सगळे म्हणाले, "वय झालं, चालायचंच." दोन वर्षांनी पलंगावरून उठताना तोल गेला, तेव्हा खुबा मोडला. हाडांची तपासणी झाली ती त्यानंतर. उभ्या उभ्या पडून धडधाकट हाड मोडतंच कसं, हे पहिल्याच वेळी आम्ही विचारायला हवं होतं.

हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत. गुडघेदुखी बहुतेकदा सांध्यांची झीज असते, तो आजार वेगळा. मणका मात्र गुपचूप खचतो. मावशीची साडी नेहमीसारखी नेसूनही पायात यायची, फळीवरचा डबा हाताला लागेनासा झाला होता. तिची उंची घटतेय हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

साध्या एक्स-रेत ठिसूळपणा दिसेपर्यंत बरंचसं हाड गेलेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणूनही निर्धास्त राहू नका. शरीर ते हाडांतून काढून भरून घेतं. शिबिरात टाचेवर मशीन लावतात, ती नुसती चाहूल. नेमकी तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं निजायचं, टोचणं नाही, किरणंही अगदी थोडी. कमरेच्या मणक्याची आणि खुब्याची घनता मोजतात. रिपोर्टात टी-स्कोअर पाहा: उणे 1 पर्यंत ठीक, उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. मधल्यांनीही डॉक्टरांशी बोलावं.

पाळी गेलेल्या बायका, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, यांना धोका जास्त. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढलेल्या बायकांनी तर थांबूच नये. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या 2019 साली गाजल्या. त्यांच्या हाडांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. पुरुषांनाही हा आजार होतो.

नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेत बसू नका. ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंड तपासून डॉक्टर औषध ठरवतात, आणि हाड मोडण्याचा धोका कमी करणारी औषधं आज आहेत.

या रविवारी आईला अनवाणी भिंतीला टेकवून उभी करा, डोक्यापाशी पेन्सिलीने खूण करा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा दीड इंच कमी भरली, तर सोमवारी डॉक्टरांकडे घेऊन जा आणि डेक्साचं विचारा.