कार्यक्रम मान्य, पुढारी अमान्य

निवडणुकीचा निकाल लागला की पराभूत पक्षाच्या कचेरीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "लोकांना आपले धोरण पटले होते, पण मते मिळाली नाहीत." पाठोपाठ कारणांची यादी येते. पैसा वाटला गेला, जातीची गणिते जुळवली गेली, शेवटच्या रात्री वारे फिरले, मतदार अडाणी निघाला. या कारणांत काहीच तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ही सगळी कारणे दुसऱ्याच्या पदरात टाकून पक्ष स्वतः नामानिराळा राहतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धोरण पटूनही मत न देणारा माणूस एक तर विकला गेलेला असतो किंवा मूर्ख असतो, हे गृहीत धरूनच सारे विवेचन चालते. पालघर आणि बोईसर-तारापूर या भागाचा अलीकडचा राजकीय इतिहास तपासला तर हे गृहीत टिकत नाही.

पालघर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २०१४ साली येथून भारतीय जनता पक्षाचे चिंतामण वनगा निवडून आले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २८ मे रोजी पोटनिवडणूक झाली. भाजपने उमेदवारी दिली ती काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना. शिवसेनेने उमेदवारी दिली ती भाजपच्या दिवंगत खासदारांचे पुत्र श्रीनिवास वनगा यांना. दोघांचाही पक्षप्रवेश त्याच महिन्यातला. मतदानाच्या दिवशी या दोन प्रमुख उमेदवारांपैकी एकालाही आपापल्या पक्षात महिना पुरा झालेला नव्हता! आणि त्यांचे पक्ष तरी परस्परांचे विरोधक होते काय? मुंबईत आणि दिल्लीत ते एकाच मंत्रिमंडळात बसत होते. गावित २,७२,७८२ मते मिळवून विजयी झाले, वनगा २,४३,२१० मते घेऊन दुसरे आले.

पुढचा इतिहास याहून बोलका आहे. २०१९ साली युतीच्या वाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली. उमेदवार मात्र गावितच राहिले. त्यांनी पक्ष तेवढा बदलला. ज्या वनगांना शिवसेनेने लोकसभेसाठी आणले होते ते विधानसभेत गेले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा दोघेही एकनाथ शिंदे यांच्या बाजूला गेले. मे २०२४ मध्ये गावित भाजपमध्ये परतले, ऑक्टोबरमध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत आले आणि पालघर विधानसभेतून निवडून आले. ती उमेदवारी ज्यांच्या हातून गेली ते पुन्हा श्रीनिवास वनगाच. सहा-सात वर्षांच्या या काळात कोणाचे विचार केव्हा बदलले, कोणत्या प्रश्नावर बदलले, याचे एकही निवेदन मतदारासमोर आले नाही. ते मागावे असे कोणाला वाटलेही नाही.

यावर व्यवहारचतुर मंडळींचा एक आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणतात, लोकांना पक्षांतराचे वावडे असते तर गावित तीन वेळा, तीन निरनिराळ्या उमेदवाऱ्यांवर निवडून आलेच नसते. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. वास्तविक तो उलट बाजूचा पुरावा आहे. झेंडा कोणताही असो, पुढारी त्याच्याशी बांधलेला नाही, हे एकदा कळून चुकले की मतदार झेंडा वाचणेच सोडून देतो. मग तो विचारतो ते एवढेच : दाखला कोण मिळवून देईल, कूपनलिका कोण मारून देईल, पोलीस ठाण्यात शब्द कोणाचा चालेल? हा विश्वास नव्हे. विश्वास उडाल्यानंतर उरलेला हा रोखीचा व्यवहार आहे. बोईसरने तर याचा धडाच घालून दिला. विलास तरे बहुजन विकास आघाडीतर्फे २००९ आणि २०१४ साली तेथून आमदार झाले. २०१९ मध्ये ते शिवसेनेत गेले, तेव्हा मतदाराने आघाडीचे राजेश पाटील यांना निवडून दिले आणि पक्ष सोडणाऱ्याला घरी बसवले. २०२४ मध्ये तरे शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे पुन्हा आमदार झाले. एकदा शिक्षा करून पाहिली, पक्षांनी त्यातून काहीच बोध घेतला नाही, तेव्हा मतदाराने शिक्षा करणे सोडून दिले, असाच याचा अर्थ संभवतो.

आता धोरणाकडे पाहू. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाण्याने खाड्या नासल्या आणि मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. विस्थापितांचे न्याय्य पुनर्वसन, स्थानिकांना कायम नोकऱ्या आणि सांडपाण्याला आळा या तीन मागण्यांना उघड विरोध करणारा पक्ष या भागात शोधूनही सापडणार नाही. मग मागणी सर्वांची आणि प्रश्न मात्र जेथल्या तेथे, हे कसे? कारण मागणीचा कागद सर्वांकडे आहे. त्या कागदाखाली सही करून पाच वर्षे त्या सहीला जागणारा माणूस नाही. सावकारी पाशात पिढ्या घालवलेल्या या मुलखाला हुंडीचा कागद आणि हुंडीवरची सही यांतला फरक शिकवावा लागत नाही.

वाढवण बंदराचे उदाहरण तर ताजे आहे. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने हे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी त्याला परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध या सर्व काळात कायम होता. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने तो विरोध आपल्या धोरणात घेतला आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारती कामडी यांना उभे केले. भाजपचे हेमंत सवरा सुमारे १ लाख ८३ हजार मतांनी विजयी झाले.

या निकालाला बंदराच्या बाजूचा कौल म्हणणे लबाडीचे ठरेल. मतदारसंघात वसई आणि नालासोपाराही येतात. तेथील नोकरदाराला पाणी आणि लोकलमधली जागा हे प्रश्न अधिक जवळचे आहेत. परंतु विरोधाचे धोरण एवढे न्याय्य असूनही ते संपूर्ण जिल्ह्याचा विश्वास का जिंकू शकले नाही, हा प्रश्न उरतोच. उत्तर त्या पक्षाच्या पूर्वचरित्रात आहे. २०१४ ते २०१९ या काळात हाच पक्ष सत्तेत बसून बुलेट ट्रेनवर टीका करीत होता आणि राजीनामे खिशात असल्याचे सांगत होता. ते राजीनामे खिशातून बाहेर आले नाहीत. पुढे अडीच वर्षे मुख्यमंत्रिपद हाती होते, तेव्हाही बंदराचा प्रकल्प रद्द झाला नाही. प्रकल्प केंद्राचा, राज्याचे हात बांधलेले, हे स्पष्टीकरण अर्धे खरे असेल. पण जो पुढारी सत्तेत असताना हतबल असतो आणि सत्ता गेल्यावर रणशूर होतो, त्याचे धोरण पटले तरी त्याच्या भरवशावर होडी कोण लोटील?

याच जिल्ह्यात या नियमाची दुसरी बाजूही दिसते. डहाणूची विधानसभेची जागा २०१९ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी जिंकली. २०२४ मध्ये महायुतीने २८८ पैकी २३० जागा घेतल्या, त्या लाटेतही त्यांनी ती राखली. राज्यात त्या पक्षाची ती एकमेव जागा. १९४५ च्या वारली उठावापासून तो झेंडा त्या पाड्यांत आहे आणि तो धरणाऱ्या माणसांची उठबस पाड्यांत आहे. उलट मार्च २०१८ मध्ये किसान सभेने काढलेल्या नाशिक ते मुंबई लाँग मार्चचे साऱ्या महाराष्ट्राने कौतुक केले, मुंबईकरांनी मोर्चेकऱ्यांना अन्नपाणी दिले. तरी अडीच महिन्यांनी पालघरच्या पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचा उमेदवार ७१,८८७ मतांनिशी चौथा आला. जाहीरनामा सहाही विधानसभा क्षेत्रांत एकच होता. तो जगणारी ओळखीची माणसे मात्र सर्वत्र नव्हती. त्या पक्षाच्या सर्व भूमिका समाजवाद्यांना मान्य असण्याचे कारण नाही. पण हा धडा मान्य करावाच लागेल.

समाजवाद्यांनी तर तो फार पूर्वीच शिकायला हवा होता. १९७७ साली जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या आणि त्या लाटेत डहाणूनेही मार्क्सवादी लहानू कोम यांना लोकसभेत पाठवले. जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती करून आणीबाणीचा मार्ग अवघड केला. हे धोरण १९८० च्या मतदाराला नापसंत होते काय? त्याला आणीबाणी पुन्हा हवी होती काय? मुळीच नाही. त्याला विटाळले ते मोरारजी देसाई, चरणसिंग आणि राजनारायण यांच्या भांडणांनी, लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेल्या पंतप्रधानाच्या कारभाराने. जनता पक्ष ३१ जागांवर आला, इंदिरा गांधी ३५३ जागांनी परतल्या आणि डहाणूची जागा त्यांच्याच पक्षाच्या दामोदर शिंगडा यांच्याकडे गेली. ब्रिटनमध्ये २०१९ साली मजूर पक्षाची हीच गत झाली. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाला तेथे बहुसंख्यांचा पाठिंबा होता. पण जेरेमी कॉर्बिन यांच्यावर भरवसा नव्हता, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर पक्षाची भूमिका धड इकडची ना तिकडची होती. पक्ष २०२ जागांवर घसरला. १९३५ नंतरची ही नीचांकी संख्या होती.

यावर पुरोगामी गोटातून एक उदात्त उत्तर दिले जाते : व्यक्ती गौण, तत्त्व श्रेष्ठ, लोकांनी व्यक्तीकडे न पाहता कार्यक्रमाकडे पाहावे. व्यक्तिपूजेच्या विरोधात हे वचन योग्य आहे. पण पुढाऱ्याच्या बेजबाबदारपणावर पांघरूण म्हणून ते वापरले जाते तेव्हा ती शुद्ध पळवाट होते. कार्यक्रम म्हणजे उद्याचे वचन. ते पाळले जाईल की नाही हे आज कळण्याचे साधन सामान्य माणसाकडे एकच आहे : वचन देणाऱ्याने कालची वचने कशी पाळली. एस. एम. जोशी यांची मते न पटणारेही त्यांच्या शब्दावर विसंबत. गोरेगावात पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणाल गोरे यांना मत देताना कोणी आधी समाजवादाची पोथी तपासली नव्हती. तत्त्व त्या माणसांच्या वागण्यातून लोकांपर्यंत पोहोचले होते.

म्हणून पराभवाच्या चिंतन बैठकींत मतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा खेळ आता थांबला पाहिजे. पक्षात सलग पाच वर्षे काम न केलेल्याला उमेदवारी नाही, हा नियम घटनेत लिहून पाळला पाहिजे. पक्ष सोडणाऱ्याने लोकांनी दिलेली जागाही सोडावी, ही मागणी दुसऱ्यांकडे करण्याआधी आपल्या उमेदवाराकडून तसे लेखी घेतले पाहिजे. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा फाटाफुटीपुढे किती दुबळा आहे हे २०२२ ने दाखवलेच आहे. कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. निवडून आलेल्याने वर्षातून एकदा ग्रामसभेत उभे राहून हिशेब द्यावा आणि उमेदवाराचे नाव मुंबईच्या बंगल्यावरून येण्याऐवजी तालुक्याच्या सभेतून यावे. हे नियम कडक आहेत, ते पाळताना दोन-चार जागा जातील, काही वजनदार माणसे दुरावतील. जाऊ देत. वजनदार माणसे गोळा करून पक्ष हलका होतो, याचा अनुभव पालघरच्या मतदाराने सर्वच पक्षांना पुरेसा दिला आहे. धोरणांचा दुष्काळ या जिल्ह्यात कधीच नव्हता. जो पक्ष आपल्या शब्दाला जागणारी माणसे उभी करील, त्याच्याच धोरणाला येथे यापुढे अर्थ राहील.