दारी आलेले मांजर

कट्टा हे मालवण–कसाळ रस्त्यावरील बाजाराचे गाव. तेथील एका जैन कुटुंबाचे किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये धान्याची पोती. आषाढातील एका सकाळी दुकान उघडताना पायरीवर भिजलेले मांजर दिसते. वाहनाची धडक बसून त्याचा मागचा पाय लोंबत आहे. अशा वेळी ‘उचलावे की नाही’ हा प्रश्न जैन घरात उठत नाही. कठीण प्रश्न त्यानंतर येतात.

वेदनेत असलेले मांजर चावते, म्हणून त्याला जाड कापडात गुंडाळून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे न्यावे. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कदापि देऊ नये. ती त्याच्यासाठी विष आहे. हाड सांधण्यास काही आठवडे लागतात आणि तोवर त्याला एका जागी बंद ठेवावे लागते. म्हणजे आसरा एका रात्रीचा उरत नाही. मुले त्याला हाक मारू लागतात, आणि ते हाकेला ओ देऊ लागते.

येथून खरी परीक्षा सुरू होते. आजी वाटीत दूधपोळी कुस्करून देतात. मांजर ती चाटते. पण पुष्कळशा प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, आणि नुसत्या दूधपोळीवर ते निरोगी राहत नाही. मांजराचे शरीरच मांसाहारासाठी घडलेले आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला पुरेसे तयार करता येत नाही. ते आहारातून मिळाले नाही तर दृष्टी जाते आणि हृदय दुर्बळ होते. अपुऱ्या आहारावर त्याला ‘अहिंसक’ केल्याचे समाधान माणसाला मिळते. किंमत मुके जनावर मोजते.

दुसरीकडे शेजारी सहज सुचवून जातात, “ठेवा ओ शेटनू, उंदीर तरी कमी होतले!” दुकानदाराला हा सल्ला व्यवहाराचा वाटतो. धर्मदृष्टीने मात्र तोच सर्वांत धोक्याचा आहे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाची १५ कर्मादाने सांगितली. त्यांपैकी ‘असतीपोषणा’त पोपट, मैना, कुत्रा यांच्याबरोबर मांजराचे नाव स्पष्ट येते, दोष आहे तो धनासाठी त्यांना पोसण्याचा. दिगंबर परंपरेतील ‘कार्तिकेयानुप्रेक्षा’ मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणे अनर्थदंडात, म्हणजे निष्प्रयोजन पापात, धरते. पोत्यांची राखण करण्यासाठी मांजर ठेवणे ही उंदीर मारण्याची नेमणूकच होय. केवळ हौसेसाठी ठेवणेही निर्दोष नाही.

मग बऱ्या झालेल्या मांजराला रस्त्यावर सोडावे काय? लंगडे मांजर कुत्र्यांपुढे टिकत नाही. शिवाय ‘तत्त्वार्थसूत्रा’त अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचे अन्नपाणी रोखणे, हा एक आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातही पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न न देणे आणि सबळ कारणाशिवाय त्याला सोडून देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. एकदा उचलून घेतलेला जीव आपल्या खात्यावर जमा झालेला असतो.

या पेचातून दोन प्रामाणिक वाटा निघतात. पहिली, मांजराला मासे खाणाऱ्या, मायाळू शेजाऱ्याच्या घरी द्यावे आणि औषधपाण्याचा व निर्बीजीकरणाचा खर्च आपण उचलावा. १८३४ मध्ये सेठ मोतीशाह आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली, तीही याच जाणिवेतून: जो जीव घरात ठेवता येत नाही, त्याचीही जबाबदारी समाजाने घ्यावी. मालवणच्या किनाऱ्यावर असे घर शोधायला दूर जावे लागत नाही.

दुसरी वाट, ते आपल्याच घरी ठेवावे; पण त्याचा स्वभाव मान्य करून. त्याला पशुवैद्याने सांगितलेला पूर्ण आहार द्यावा लागेल. तो आहार बहुधा सामिष असतो. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, या तिन्हींचा हिशेब घरातील प्रत्येकाने उघड्या डोळ्यांनी करावा, गुरुजनांचा सल्ला घ्यावा. निर्बीजीकरण व लसीकरण करावे, गळ्यात घुंगरू बांधावे, रात्री घराचे दार लावावे. धान्य झाकणाच्या डब्यांत ठेवावे, बिळे सिमेंटने बुजवावीत, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि मांजराच्या हातून मरणारही नाहीत.

दोन्ही वाटांत मांजर आपल्या उपयोगाचे आहे म्हणून जगत नाही. दुकानाच्या वहीत ज्याचा जमाखर्च कधीच जुळणार नाही, असे ते एकच खाते राहू द्यावे. निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाने एवढेच विचारावे: उद्या गावात एकही उंदीर उरला नाही, मुलांचे कौतुकही ओसरले, तरी हे लंगडे मांजर आपण सांभाळू काय? उत्तर ‘होय’ असेल तर ते घरचे झाले. ‘नाही’ असेल तर शेजाऱ्याचे दार ठोठावण्यात कसलाही कमीपणा नाही.