कालवड आणि बेणे

भाव वाढला की माल वाढतो असे आपण धरून चालतो. अमेरिकेत मांसासाठी गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहिले तर आधी उलटेच घडते. भाव चढला की तो कालवडी विकत नाही, पैदाशीला मागे ठेवतो. बाजारात जनावर आणखी कमी, भाव आणखी वर. ती कालवड दोन वर्षांची होऊन विते, तिचे वासरू विक्रीला यायला पुढे दीड वर्ष. तोवर सगळ्यांनीच कालवडी राखलेल्या! मग एकदम माल येतो, भाव पडतो आणि चांगल्या गायीही विकल्या जातात. हे चक्र साधारण दहा वर्षांचे, त्यात दुष्काळाची भर. २०२५ च्या जानेवारीत तिथली गुरे ८ कोटी ६७ लाख, १९५१ नंतर सर्वांत कमी; भाव मात्र विक्रमी.

आपले काय निराळे आहे? भाव बरा दिसला की उभा ऊस बेण्याला तुटतो, एकरी दोन-अडीच टन, गाळप तेवढे घटते. आडसाली लागण सोळा-अठरा महिन्यांनी येणार, तेव्हाचा भाव कुणी पाहिलाय? देशात २००६-०७ ला साखर २८३ लाख टन झाली. बिले थकली, लोक दुसऱ्या पिकांकडे वळले. २००८-०९ ला १४५ लाख टन!

आमचे मत स्पष्ट आहे. मंदीत चांगला खोडवा मोडू नका, तेजीत सगळे रान उसाखाली घालू नका. आणि लागणीची नोंद वेळेत द्या. मे महिन्यात टोळ्या गावी गेल्यावर ऊस उभा राहिला की शिव्या आम्हालाच बसतात.