शब्दचर्चा : टिपेचा सूर

खिदिरपूर, कोलकाता येथील एका वाचक भगिनीने विचारले आहे : ‘टिपेचा सूर’ म्हणजे नेमके काय, आणि मुलीने गाताना त्यासाठी आवाज ताणावा काय?

आपल्या संगीतात मंद्र, मध्य व तार अशी तीन सप्तके मानतात. मध्य षड्ज सेकंदास २४० आंदोलनांचा धरला, तर तार षड्ज दुप्पट, म्हणजे ४८० आंदोलनांचा होतो. हा तार षड्ज व त्यापुढील उंच स्वर यांस व्यवहारात ‘टीप’ म्हणतात. भातखंडे स्वरलिपीत अशा स्वरांच्या डोक्यावर बिंदू देतात. भांडणात ‘आवाज टिपेला गेला’ असे आपण म्हणतो, ते यावरूनच.

ध्वनिवर्धक नव्हते त्या काळी किर्लोस्कर नाटक मंडळीतील भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांचा उंच, स्वच्छ आवाज रसिकांस मोहवी. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवावयाचे, तर टिपेचे बळ हवेच असे.

परंतु टीप म्हणजे ओरडणे नव्हे. षड्ज ज्याने त्याने आपल्या गळ्यास मानवेल असा निवडावयाचा असतो. त्यामुळे एकाची टीप ती दुसऱ्याची मध्यपट्टीही असू शकते.

तेव्हा, भगिनी, वर जाताना मुलीचा घसा दुखत असेल, तर तिला बोल लावू नका. पेटीची पट्टी खाली घ्या. मग टीपही तिच्या आवाक्यात येईल.