शेकडा ८१ चा फसवा अभिमान

"बौद्ध समाज साक्षरतेत देशाच्या पुढे" हे वाक्य सभेत ऐकताच आपण टाळ्या वाजवितो. त्या आकड्याची उलटतपासणी मात्र कोणी करीत नाही!

२०११ च्या शिरगणतीत भारतातील बौद्धांची साक्षरता शेकडा ८१.२९ होती, अखिल देशाची ७२.९८. आकडे खरे आहेत. तुलना खोटी आहे. देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले, आणि महाराष्ट्राचीच साक्षरता ८२.३४ होती. मग यात धर्मांतराचे फळ किती आणि या राज्यातील शाळांचे किती?

१९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. विश्रांती सर्वच रोग्यांना होती. औषध कोणाला द्यावयाचे, हे मात्र वैद्याच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरविले होते. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ दगावले, न घेणाऱ्या ५२ पैकी १४. सारख्याची सारख्याशी तुलना केली, म्हणूनच तो निकाल मानला गेला.

धर्म काही चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाही, हे खरे. परंतु त्याच जिल्ह्यातील, तितकीच भूमिहीन, धर्मांतर न केलेली अनुसूचित जातींची कुटुंबे शेजारीच आहेत. तुलना त्यांच्याशी मागा. नाहीतर "तुम्ही तर देशाच्या पुढे गेलात!" असे म्हणून उद्या हाच आकडा आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीविरुद्ध पुढे केला जाईल. आणि त्याच ८१ च्या पोटात बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४.०४ आहे. चारांतील एक बहीण निरक्षर. तिच्यासाठी टाळी कोण वाजविणार?