सुटण्यासाठी बांधलेले

आमच्या मलकापुरात बर्फ भेटतो तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळू लागला की त्या गाडीपाशी गर्दी होते, आणि मार्गशीर्षात पहाटे कानटोपी चढवली की आमची हिवाळ्याची हौस फिटते. अशा गावातल्या मराठीच्या मास्तराने बर्फावरून घसरण्याच्या सामानाविषयी लिहावे, हे वाचकांना जरा आगाऊपणाचे वाटेल. पण मामाच्या नात्यात अडकलेल्या माणसाला कशात लक्ष घालावे लागेल, याचा नेम नसतो.

आमचा भाचा पुण्याला नोकरी करतो. गेली दोन वर्षे तो रजा साठवून काश्मिरात गुलमर्गला जातो. यंदा त्याला स्वतःचे सामान घ्यायचे आहे, आणि तेही 'फ्रीराइड'साठी. म्हणजे यंत्राने दाबून सारख्या केलेल्या उतारावरून न जाता मोकळ्या डोंगरावर, जसे पडले तशा भुसभुशीत हिमातून खाली यायचे. गुलमर्गचा आकाशपाळणा दोन टप्प्यांचा आहे. दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला आणि तो माणसाला अफरवटच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तिथून खाली यायला हवी ती वाट घ्यावी. 'हवी ती' या दोन शब्दांनीच ताईची झोप उडाली. एकुलता एक मुलगा. तिने मला बोलावून सांगितले, "तू शिकवणारा माणूस. तुझे ऐकेल तो. जाऊ नको म्हण त्याला."

सव्वीस वर्षांच्या कमावत्या मुलाला 'जाऊ नको' म्हणणे अगदी सोपे असते. फक्त तो जातो. म्हणून मी निराळी वाट धरली. म्हटले, "अरे, काय काय घेणार आहेस ते मला समजावून सांग. पटले तर मी तुझ्या बाजूने, नाही पटले तर ताईच्या."

त्याने उत्साहाने फोन उघडला आणि प्रथम दाखवल्या त्या स्की. रंग झळझळीत, कमरेशी रुंदी ११८ मिलिमीटर! स्कीची कंबर म्हणजे बुटाखालचा तिचा सर्वांत अरुंद भाग. राखलेल्या उतारावरच्या स्कीला ती सत्तर-ऐंशीच्या घरात असते, फ्रीराइडच्या स्कीला साधारण शंभर ते एकशेपंधरा. रुंद स्की मऊ हिमावर तरंगते, हे खरेच. शेन मॅकॉन्की नावाच्या स्कीपटूने तर अलास्कात पाण्यावरच्या स्की पायाला बांधून पाहिल्या, आणि त्यातून २००२ साली टोके वर वळलेली, नावेच्या बुडासारखी स्की बाजारात आली. आजच्या फ्रीराइड स्कीची पुढची उचललेली टोके त्याच घराण्यातली. पायाखाली मात्र बहुतेकांत थोडी कमान ठेवतात. अंगाच्या भाराने ती दबली की कडा घट्ट हिमात रुतते.

"पण गुलमर्गला रोज मऊच हिम असते का रे?" मी विचारले. नसते, तो म्हणाला. वारा सुटला की कडक होते. चार दिवस ऊन पडले की कवच धरते. अशा घट्ट पृष्ठभागावर फार रुंद स्की कडेवर उभी करायची तर गुडघ्याला पीळ पडतो. एकच जोड घ्यायची ऐपत असलेल्याने शंभर ते एकशेआठच्या दरम्यान थांबावे, आणि लांबी आपल्या उंचीएवढी किंवा चार-सहा सेंटिमीटर अधिक ठेवावी, असे माझे मत झाले. पण स्कीविषयी मी याहून अधिक शब्द खर्चणार नाही. स्कीपासून सुरुवात करणारा माणूस मला मुलगी पाहण्याआधी बँडवाला ठरवणाऱ्या वरपित्यासारखा वाटतो.

सुरुवात पायापासून करावी. माझ्या लहानपणी मोची कागदावर पाय ठेवायला सांगून पेन्सिलीने त्याची रेघ आखून घेत असे, आणि वडील मागून बजावत, "वाढत्या अंगाचा कर हो!" स्कीच्या बुटाला ही सूचना घातक. पायाने केलेली प्रत्येक हालचाल त्या कडक कवचातून स्कीला पोचायची असते. बूट सैल असला की हुकूम मध्येच विरतो. भाड्याच्या सैल बुटात पाय पुढे सरकून आमच्या भाच्याचे अंगठ्याचे नख काळेनिळे झाले होते. या बुटांचे माप पावलाच्या लांबीइतके, सेंटिमीटरमध्ये असते. पाऊल साडेसव्वीस तर बूटही साडेसव्वीस. पारख करायची ती अशी : आतले मऊ अस्तर काढून ठेवावे, नुसत्या कवचात पाय घालून बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहावे. एक ते दोन सेंटिमीटर राहिली तर ठीक. याहून अधिक जागेचा बूट दुकानात सुखाचा वाटतो आणि डोंगरावर दगा देतो, कारण अस्तर वापराने दबत जाते आणि बूट आणखी सैल होतो.

पुढे पंजाची रुंदी. तीही मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशेदोन. मग बुटाचा ताठपणा. त्यासाठी शंभर, एकशेवीस, एकशेतीस असे आकडे छापतात. हे आकडे सर्व कंपन्यांचे सारखे नसतात. एकीचा एकशेवीस दुसरीच्या एकशेदहाएवढा निघतो. तेव्हा आकडा वाचून घेण्यापेक्षा बूट घालून नडगीने पुढे रेटून पाहावे, आणि तो पायात तासभर ठेवल्यावाचून पैसे देऊ नयेत. आत मोजा एकच आणि पातळ. दोन जाड मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि ऊब मिळण्याऐवजी बोटे गारठतात. ताईने विणायला घेतलेल्या लोकरी मोज्यांचे काय करायचे, हा प्रश्न इथे उद्भवला. ते मुक्कामावर घालायचे ठरले.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणारा खटका. आमच्या कानांना बाइंडिंग म्हटले की पुस्तकाची पुठ्ठाबांधणी आठवते. ती जितकी चिवट तितकी चांगली. इथे मात्र उलट आहे. स्कीच्या बाइंडिंगचा निम्मा गुण धरून ठेवण्यात असतो आणि निम्मा वेळेवर सोडण्यात. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. जुंपलेला बैल पडला की तो आधी गळ्याचे जोते सोडायला धावतो. बर्फावर माणूस कोसळला की सोडायला धावणारे कोणी नसते, म्हणून ते काम खटक्यानेच करायचे. पूर्वी तो करत नसे आणि पायाची हाडे मोडत. हॅल्मर व्हाम हा मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत स्थायिक झालेला शर्यतपटू १९३७ साली असाच पाय मोडून बसला, आणि आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना त्या दुखण्यातून त्याला सुचली.

हा खटका किती जोर आला की सुटावा, ते एका आकड्याने ठरते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती बेभान उतरता, एवढ्या गोष्टी कोष्टकात घालून कारागीर तो आकडा काढतो. बुटाची लांबी इथे लागते आणि स्कीला भोके पाडतानाही लागते. बूट आधी घ्यायचा याचे हे रोकडे कारण. बुटाचा तळवा आणि खटका एकमेकांना चालणारे हवेत. अलीकडचे रबरी, किंचित वळलेले तळवे सर्वच खटक्यांत बसत नाहीत. स्की सुटल्यावर तिला अडवणारा फाटाही तिच्या कमरेहून थोडा रुंद लागतो. वजनाने हलके, दोन खुंट्यांवर बूट पकडणारे बाइंडिंग पायी चढणाऱ्यांसाठी आहे. आमचा गडी पाळण्यात बसून वर जाणार. त्याला साधे, भक्कम बाइंडिंग पुरे.

कोष्टकात उतरणाऱ्यांचे तीन वर्ग असतात : सावध, मध्यम आणि धाडसी. भाच्याने स्वतःला बेधडक तिसऱ्या वर्गात घातले होते. तिसऱ्या वर्गाचा आकडा चढा, म्हणजे खटका उशिरा सुटणार. मी विचारले, "हा आकडा मित्रांना दाखवायचा आहे की पायाला?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने दुसरा वर्ग लिहिला, आणि वजनही चार किलोंनी दुरुस्त केले. योग्य आकड्यानेही गुडघ्यातले स्नायुबंध वाचतील, अशी खात्री कोणी देत नाही. बाइंडिंगने मुख्यतः नडगीचे हाड वाचवले.

आणि मोकळ्या डोंगरावर आणखी एक भय आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीपटू गेले. पुढच्याच वर्षी, त्याच महिन्यात, गुलमर्गला एक रशियन गेला. हिमाखाली गाडलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटे महत्त्वाची. त्यानंतर जगण्याची आशा झपाट्याने उतरते. एवढ्या वेळात बाहेरून मदत पोचत नाही, सोबत्यानेच शोधावे लागते. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश सोडणारे छोटे यंत्र, पाठीवर फावडे आणि हिमात खुपसायची लांब घडीची काठी हवी. भाच्याच्या यादीत हे सामान शेवटी होते, 'पैसे उरल्यास' अशा शेऱ्यासकट. मी यादी उलटी केली. बूट आणि ही तीन साधने विकत घ्यायची. स्की आणि बाइंडिंग यंदा गुलमर्गला भाड्याने, मात्र खटका कारागिराकडून आपल्या आकड्यावर लावून घेऊन. हे त्याला पटले. ताईला निम्मे पटले.

साधने आली, पण त्यांचा सराव कुठे करायचा? दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे हिमासारखे पांढरे एकच असते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी लागल्या होत्या. परवा त्याच्या परवानगीने आम्ही एक यंत्र पिशवीत घालून गंजीत खोल पुरले, आणि भाचा व त्याच्यासोबत जाणारा मित्र दुसऱ्या यंत्राने ते शोधू लागले. हमाल हातातली कामे टाकून बघत उभे राहिले. ताई घड्याळ घेऊन ओट्यावर बसली होती. पहिल्या खेपेला सतरा मिनिटे लागली. ती काही बोलली नाही, नुसती म्हणाली, "पुन्हा." दुसऱ्या खेपेला नऊ. तिसऱ्या खेपेला पाच.

"पुन्हा," ताई म्हणाली.